भिंतीवरचे शिसे कोणी खरवडायचे?

नवा रंग द्यायचा म्हटला की आधी जुना रंग खरवडणे आलेच. दिवाळीच्या तोंडावर मुंबई-पुण्यातल्या जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून सँडपेपरची खरखर ऐकू येते, दारे-खिडक्यांवरून बारीक धूळ उडते आणि संध्याकाळी मुले त्याच खोलीत खेळू लागतात. या धुळीत शिसे असू शकते, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. अमेरिकेत मात्र गेली तीन दशके ही धूळ सरकारी अनुदानाचा आणि न्यायालयीन लढ्यांचा विषय ठरली आहे.

रंगातले शिसे काही परके नव्हे. रंगाऱ्यांचा जुना सफेदा आणि लोखंडी गजांना गंजापासून वाचवणारा शेंदरी थर, दोन्ही शिशाचीच संयुगे. रंग लवकर वाळावा, ओलीत टिकावा म्हणून ऑइल पेंटमध्ये शिसे घातले जाई. चुन्याने रंगवलेल्या भिंतीपेक्षा म्हणूनच दार, चौकट आणि खिडकी अधिक संशयास्पद. खिडकी उघडताना-मिटताना रंग घासला जातो, त्याची धूळ खाली साचते आणि रांगत्या मुलाच्या हातावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगातील शिशावर बंदी घातली. पण बंदीने भिंती बदलत नाहीत. म्हणून १९९२ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. १९७८ पूर्वीचे घर विकताना वा भाड्याने देताना शिशाची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले, खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवसांची मुभा मिळाली. गृहनिर्माण खात्याने राज्यांना आणि नगरपालिकांना अनुदान देण्यास सुरुवात केली. त्यातून अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांच्या, विशेषतः सहा वर्षांखालील मुले असलेल्या घरांच्या खिडक्या बदलल्या जातात, रंग काढला वा झाकला जातो. २०१० पासून अशा घरांत मोबदला घेऊन काम करणाऱ्या ठेकेदाराला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते.

पैसा कोणाचा, हा खरा वाद. कॅलिफोर्नियातील दहा काउंटी व शहरांनी रंगातले शिसे हा सार्वजनिक उपद्रव असल्याचा दावा लावला. २००० मध्ये सुरू झालेला हा खटला २०१९ मध्ये मिटला, तेव्हा शेर्विन-विल्यम्स, कॉनअॅग्रा आणि एनएल इंडस्ट्रीज या तीन कंपन्यांनी मिळून ३० कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एकोणीस वर्षे! खटला सुरू झाला तेव्हा रांगणारी मुले तोवर कॉलेजात पोहोचली होती.

अनुदानाची व्यवस्थाही तोकडीच आहे. सरकारी पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये तेथील सुमारे ३ कोटी ४६ लाख घरांत शिशाचा रंग होता. अनुदान हा हक्क नव्हे. आपल्या शहराला ते मिळाले असेल, उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल, तरच अर्ज करता येतो. भाडेकरूची अडचण वेगळीच, कारण घराला हात लावायचा तर मालकाची संमती हवी. न्यूजर्सीने २०२१ मध्ये कायदा करून १९७८ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. तेथे भाड्याने राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हा कायदा माहीत असणे उपयोगाचे आहे.

भारतात केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम अधिसूचित करून घरगुती व सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० इतकी ठरवली. ती वर्षभराने लागू झाली. हे पाऊल स्वागतार्हच. मात्र हे नियम उत्पादन, आयात आणि विक्रीपुरते आहेत. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाबद्दल ते मौन बाळगतात. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती होते तीही प्रामुख्याने तुळया, स्लॅब आणि जिने यांची. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचा अंदाज आहे. त्याला जुन्या बॅटऱ्यांचा पुनर्वापर, मसाल्यांतील भेसळ अशी इतर कारणेही आहेत. सारा दोष रंगावर ढकलता येणार नाही. पण जी कारणे घरात आहेत, त्यांच्यासाठी तरी तपासणीची सोय आणि दुरुस्तीच्या निधीतला थोडा वाटा का नसावा?

तोवर खर्च आणि खबरदारी दोन्ही कुटुंबावरच. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये, तो ओला करून खरवडावा. दिव्याने जाळून काढणे तर टाळावेच. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, मुलांना व गर्भवतींना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे. रंग सुस्थितीत असेल तर त्याला न छेडता वर नवा थर देणेच शहाणपणाचे. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून रोज अशीच धूळ खाणाऱ्या रंगाऱ्याचाही विचार व्हायला हवा.