एकेचाळिसावा दिवस

दरवर्षी राखेच्या बुधवारी आमच्या धर्मग्रामांत एक चमत्कार घडतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही. कपाळी राख लावून घेतलेले कित्येक पुरुष त्या दिवसापासून दारूला शिवत नाहीत. महिन्याच्या मिस्सेनंतरच्या जेवणाला गेले तर सरबताचा पेला हाती घेतात. सोबत्यांनी आग्रह केलाच तर "उपवासकाळ आहे" एवढे दोन शब्द त्यांना पुरतात. त्या दिवसांत घरी पगार पुरा येतो, जेवताना आवाज चढत नाहीत, रात्रीच्या रोझरीला बाप गुडघे टेकतो. मग ईस्टर उजाडतो. ज्या दिवशी प्रभूची कबर रिकामी झाली, त्याच दिवशी दुपार कलण्याच्या आत आमच्या ओटीवरच्या बाटल्याही रिकाम्या होतात.

याला आम्ही निश्चय म्हणावे काय? आमच्या मते हा मुदतीचा करार आहे. पापाला चाळीस दिवसांची रजा दिली जाते आणि रजा संपताच ते पुन्हा कामावर रुजू होते. त्या घरातील बाईला हे ठाऊक असते. इतरेजन पुनरुत्थानाच्या सणाची वाट पाहतात. ती मात्र पवित्र आठवडा जवळ येऊ लागला की मनातून धास्तावते. ख्रिस्ती घरात ईस्टरची भीती वाटावी, याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर दुर्बलतेचे. खुद्द संत पौलालाही जे चांगले करावेसे वाटे ते जमत नसे, असे सांगून रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय पुढे केला जातो. आठवा अध्याय मात्र ही मंडळी उघडत नाहीत. आत्म्याच्या सामर्थ्याची गोष्ट तिथे आहे. शिवाय चाळीस दिवस ज्याला जमले त्याने दुर्बलतेची सबब सांगावी तरी कशी? त्याच्याविरुद्धचा साक्षीदार तो स्वतःच आहे. (ज्यांचे हात सकाळी पेल्यावाचून कापतात, त्यांना हे बोल लागू नाहीत. तो आजार आहे. एकाएकी सोडणे अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते. त्यांनी डॉक्टरांकडे जावे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जावे, आणि आम्ही त्यांची सोबत करावी. आमचा वाद धडधाकट माणसांशी आहे. त्यांतले काही वेदीवर वाचनही करतात.)

दुसरे उत्तर काना गावच्या लग्नाचे. प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला ना! केला खरा, पण एका घराची अब्रू जाऊ नये म्हणून केला. आमची बाटली घराची अब्रू वेशीवर टांगते. त्या लग्नाचा दाखला देणाऱ्याने आधी आपल्या बायकोच्या डोळ्यांत पाहावे.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1551 साली पश्चात्तापाची व्याख्या केली, तेव्हा पापाबद्दलच्या दुःखाला पुढे पाप न करण्याचा निश्चय जोडला. त्या निश्चयाला तिने मुदत घातलेली नाही. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंसमोर आम्ही हाच निश्चय बोलून दाखवतो. "ईस्टरपर्यंत" हा शब्द मनातल्या मनात जोडणारे आम्हीच.

मग निश्चय दृढ व्हावा कसा? मोठ्या मंडपातील तपसाधनेत हात उंचावून, डोळे पुसून तो दृढ होतो असा अलीकडे समज आहे. त्या अश्रूंची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु मंडप उतरला की ते वाळतात. संत इग्नाती लोयोला हे लढाईत पाय मोडलेले शिपाईगडी. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी हिशेबनिसाला शोभेल असा उपाय सांगितला आहे. एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध व्हावे. दुपारी आणि रात्री, कितीदा घसरलो ते आठवून तितके ठिपके कागदावरील रेघेवर मांडावेत. आजची रेघ कालच्या रेघेशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. यात भावनेचा पूर नाही. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या घरांना आत्म्याचा हिशेब ठेवणे जड का जावे?

आणि एक कबुली. एकेचाळिसाव्या दिवशी त्या माणसाच्या हाती पेला कोण देतो? आम्ही देतो. "सुटला बाबा तुझा उपवास!" असे म्हणत हसत हसत देतो. आदल्या रात्री हाती मेणबत्ती घेऊन सैतानाला नाकारल्याचे आम्ही मोठ्याने बोललेलो असतो. एखाद्याने नको म्हटलेच, तर "मोठा संत लागून गेलास" हे शब्दही आमचेच. त्या गड्याचा निश्चय चाळीस दिवस टिकला. मोडायला त्याचे नातलग पुरेसे झाले.

यंदा ईस्टरला आमच्या ओटीवर बाटली निघणार नाही, हे आम्ही आताच सांगून ठेवले आहे. पाहुणे कुजबुजतील. एक वडीलधारे तर न जेवताच उठून जातील, याची आम्हांला जवळजवळ खात्री आहे. त्यांचे ताट आम्ही संध्याकाळपर्यंत झाकून ठेवू.