झाकण उघडणाऱ्यांची कैफियत

आमच्या भंडारा जिल्ह्यात 'कूलर' या शब्दाचा अर्थ एकच. खिडकीला बसवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच पत्र्याची पेटी. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी, आणि आवाज असा की मार्च ते जून घरातल्या माणसांनी एकमेकांशी ओरडूनच बोलायचं. आमच्याकडे लग्नं ठरतात, मोडतात, जमिनीचे सौदे होतात, ते सगळं या आवाजावर मात करून. त्यामुळे आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामाजी, कूलर आनाले नागपूरले चाललो," तेव्हा मी सरळ मनानं विचारलं, "दोन फुटी की तीन फुटी?"

तो म्हणाला, "तीनशे साठ मिलिमीटर."

हा कूलर माणसांसाठी नव्हता, संगणकातल्या प्रोसेसरसाठी होता. प्रकार असा की, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. पळवला की तो तापतो. तापला की निववायचा. निवला की आणखी पळवायचा. आणि दर खेपेला किती पळाला ते मोजायचं. यातल्या पळवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, मोजण्याला बेंचमार्किंग म्हणतात, आणि मधल्या सगळ्या भागाला आमची ताई 'पैशाचा नास' म्हणते.

या छंदाविरुद्ध सध्या आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर खटला चालू आहे. फिर्यादी पक्षात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एक किराणा व्यापारी आहेत आणि ज्यांचा कशाशीच संबंध नसतो पण जे सगळीकडे असतात असे दोन गृहस्थ आहेत. आरोप तीन. एक, या उद्योगाचा उपयोग काय? दोन, चांगल्या वस्तूची नासाडी होते. तीन, वीज जळते. आरोपी दिवसभर खोलीत, त्यामुळे बचाव करायला कोणी नाही. म्हणून त्याचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी मिळणार नाही, पण पानठेल्यावर बोलायला विषय मिळाला.

आधी गुन्हा समजून घ्या. प्रोसेसरच्या पोटात एक ठोका चालतो. प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढं सरकतं. १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला तेव्हा हा ठोका सेकंदाला सत्तेचाळीस लाख सत्तर हजार वेळा पडायचा. आज दुकानात मिळणारा चांगला प्रोसेसर सेकंदाला पाचशे-सहाशे कोटी ठोके मारतो. आता गंमत पाहा. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेले तुकडे सगळे सारखे नसतात. कंपनी ते तपासते आणि तुमसरच्या बाजारात धानाची प्रत लावावी तशी त्यांची प्रत लावते. वर छापलेला वेग ठरवताना ती सगळ्यात गरम खोलीचा आणि सगळ्यात निष्काळजी गिऱ्हाइकाचा विचार करते. शिवाय बाजारात स्वस्त मालाला उठाव असला की चांगल्या तुकड्यावरही हलक्या प्रतीचा शिक्का बसतो. म्हणजे छापील वेग आणि खरी कुवत यांत थोडी जागा उरते. त्या जागेत आमचा भाचा राहतो.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए निघाला. नावाप्रमाणे ३०० मेगाहर्ट्झचा, गरिबाघरचा. पण त्याला बाहेरून मिळणारा ६६ मेगाहर्ट्झचा ताल १०० वर नेला की तो बऱ्याचदा ४५० वर बिनतक्रार चालायचा आणि कितीतरी महाग पेंटियम-२ च्या पंगतीला जाऊन बसायचा. जगभरच्या पोरांनी त्या एका तुकड्यावर जो आनंद लुटला, तो पानठेल्यावर कुणाला पटणार नाही. पण शेवटच्या बाकावरचा पोरगा दहावीला पहिला आला तर होतो, तसा तो आनंद होता.

आता पहिला आरोप : उपयोग काय?

हा प्रश्न विचारणारे चौघेही दरवर्षी न चुकता शंकरपटाला जातात. लाखनीचा पट असला की किराणा दुकानाचं अर्धं शटर खाली असतं. दोन जोड्या सुटतात, धूळ उडते, मिनिटही व्हायच्या आत सगळं संपतं, आणि मग सेकंदाच्या कितव्या हिश्शानं कोण पुढं होतं यावर पुढचे चार महिने भांडण. पटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत, गाडीला जुंपत नाहीत. त्याला तूप, अंडी, खारीक चारतात आणि तो वर्षातून काही वेळा काही सेकंद पळतो. त्या बैलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझा उपयोग काय! रात्री झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे घरी येणारे हे गृहस्थ माझ्या भाच्याला म्हणतात की, तुझी जागरणं बरी नव्हेत.

बरं, या पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली ती बैलांच्या हालांमुळे. तुतारीची आर टोचायची, शेपट्या पिरगाळायच्या, हे सगळं तिथं निघालं. पुढं कायदा बदलला आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला, तेव्हा आमच्या जिल्ह्यात फटाके फुटले. मी म्हणतो, ज्या पटात तुतारी नाही, शेपूट नाही, मुका जीव नाही, अशा पटाला तर तुम्ही आधी फटाके फोडायला हवेत. सिलिकॉनला दुखत नाही. फार झालं तर पडदा निळा होतो.

दुसरा आरोप नासाडीचा. "कंपनीवाले का येडे हायेत का?" असं व्यापारी विचारतात. कंपनीवाले अजिबात वेडे नाहीत, आणि आमची खरी तक्रार तीच आहे. १९८४ साली आयबीएमनं एटी नावाचा संगणक ६ मेगाहर्ट्झचा काढला. लोकांनी आतला काही रुपयांचा स्फटिक बदलून तो ८ वर नेला. कंपनीनं काय केलं? पुढच्या यंत्रांत वेग तपासणारी व्यवस्था बसवली. ठोका वाढलेला दिसला की यंत्र सुरूच होईना. पुढं तर याहून शहाणपणा झाला. आता इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागं 'के' हे अक्षर असतं त्याचाच गुणक मोकळा असतो, बाकीच्यांना कुलूप. आणि त्या एका अक्षराचे जास्त पैसे पडतात. नियम मोडायचा परवाना विकत मिळतो हे आमच्या जिल्ह्याला नवीन नाही, पण तो छापील किमतीत मिळतो हे नवीन आहे.

मी विचारतो, वस्तू कुणाची? पैसे भाच्याच्या बापानं धानाच्या चुकाऱ्यातून दिले. ज्या वस्तूचं झाकण मालकानं उघडायचं नाही, तिला विकत घेतलेली वस्तू म्हणत नाहीत. तिला भाड्याची खोली म्हणतात. आणि भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. इथं गिऱ्हाईक गुंड घेताना आधी बोटाच्या पेरानं ठोकून नाद ऐकायचं. दुकानदार कधी म्हणाला नाही की ठोकलंत, आता वॉरंटी गेली.

नासाडीचंच म्हणाल तर हेही ऐका. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जगभर आपोआप कोलमडू लागले. कंपनीनंच मग जाहीर केलं की, आतल्या आज्ञावलीतल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागत होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. म्हणजे ज्या पोरांनी झाकणाला हातही लावला नव्हता, त्यांचीही यंत्रं गेली. कारखान्यातच शेवटच्या थेंबापर्यंत पिळून दिलेला माल विकायचा, आणि पोरानं पिळला की त्याला उधळ्या म्हणायचं, हा कोणता न्याय?

तिसरा आरोप विजेचा. इथं मी थोडा सबुरीनं बोलतो, कारण आरोपात तथ्य आहे. प्रोसेसरची उष्णता ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका १० टक्के वाढवला आणि त्यासाठी दाबही १० टक्के वाढवावा लागला, तर उष्णता ३३ टक्के वाढते. नफा दहाचा, तोटा तेहतीसचा. असा व्यवहार आमच्याकडे फक्त लग्नात करतात. पण ही चाचणी काही मिनिटांची असते. ज्यांच्या मुलाच्या वरातीत दोन जनरेटरवर डीजे वाजत गेला, त्यांनी त्या मिनिटांचा हिशेब मागू नये.

शिवाय आमचा जिल्हाच या छंदाला लगाम घालतो. पाण्यानं निववा की पंख्यानं, भाच्याचा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. आणि मे महिन्यात पारा ४५ वर असताना ती हवा कशी असते हे मी सांगायला नको. आमचा वाळ्याचा कूलर पाणी उडवून हवेपेक्षा गार वारा देतो, पण तो दमट वारा यंत्राला चालत नाही. जागतिक विक्रमवाले द्रवरूप नायट्रोजन ओततात, उणे १९६ अंशांचा. २०२२ साली ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला तेव्हा तर द्रवरूप हेलियम वापरला होता. भाच्यानं चौकशी केली तेव्हा कळलं की, द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात असतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी त्याला समजावलं, "बाबू, ह्याच्यात जिल्ह्याची पुढची पिढी हाये. थे वितळवू नोको." तो मुकाट्यानं परत आला.

आणि मग त्यानं जे केलं ते फिर्यादींनी कान देऊन ऐकावं. त्यानं दाब कमी करायला सुरुवात केली. वेग तोच, दाब एकेक पायरी खाली. दर पायरीला तासन् तास चाचणी. यंत्र डगमगलं की एक पायरी वर. चार रात्रींनी यंत्र पूर्वीइतकंच पळत होतं आणि लक्षात येण्याइतकं कमी तापत होतं. वहीत सगळे आकडे तारीखवार. "मामाजी, येच्यातच खरी मजा हाये," तो म्हणाला. विजेची काळजी करणाऱ्या पानठेल्यावरच्या चौघांपैकी कुणी आपल्या घरातल्या एका बल्बचा तरी असा हिशेब ठेवला आहे काय?

माझं भांडण बेंचमार्कशी नाही, खोट्या बेंचमार्कशी आहे. जुन्या संगणकांच्या पेटीवर 'टर्बो' नावाचं बटण आणि वेगाचा चकाकता आकडा असायचा. तो आकडा काहीच मोजत नसे! मागच्या खुंट्या बदलल्या की हवा तो आकडा दिसे. २००३ साली एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरची लबाडी उघडी पडली : थ्रीडी-मार्क ही चाचणी चालू असताना, ज्या बाजूला कॅमेरा वळणार नाही तिथलं चित्र रंगवायचंच नाही. मंत्री ज्या रस्त्यानं जाणार त्याच रस्त्यावरच्या भिंती रंगवायच्या, ही विद्या तिकडंही पोचली होती. २०१३ साली सॅमसंगच्या एका फोनचं तेच : चाचणीचं ॲप दिसलं की चित्रांची चिप जोरात, एरवी मंद. आणि या चोऱ्या पकडल्या कुणी? सरकारनं नव्हे. मोजायची खोड असलेल्या लोकांनी.

म्हणून मी हे वकीलपत्र सोडत नाही. या पोरांच्या जगात नुसत्या बढाईला किंमत नाही. आकडा सांगितलास? पुरावा दाखव. चाचणी कोणती, आवृत्ती कोणती, खोलीचं तापमान किती, आणि यंत्र तासभर टिकलं का? आमच्या सार्वजनिक जीवनात हे प्रश्न कुणाला पडतात? १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. अमेरिकेनं हवा तसा महासंगणक दिला नाही म्हणून, मुरंब्याचे विजय भटकर, म्हणजे आपल्याच विदर्भाचे, आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. एकच बैल मारून पळवण्याऐवजी त्यांनी अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपले आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. त्याच १९८८ साली आमच्या वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. अंदाज होता ३७२ कोटींचा. तो अठरा हजार कोटींच्या वर गेला, आणि पस्तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामं चालूच होती. हा आकडा पाहून पानठेल्यावर कुणी खटला भरला नाही. खटला भरला तो एका पोरावर, त्यानं यंत्राचा वेग मोजला म्हणून.

मुख्याध्यापकसाहेबांना माझी हात जोडून एक विनंती आहे. एका शाळेतले संगणक मी पाहिले आहेत : प्लास्टिकचं आवरण, दाराला कुलूप, चपला बाहेर, आणि आत गेलेल्या मुलानं फक्त बोट दाखवल्यावर बोट लावायचं. त्यातलं एक यंत्र, अगदी बिघडलेलं द्या, पण मुलांसमोर टेबलावर ठेवून पेचकस त्यांच्या हातात द्या. उघडू द्या. धूळ झाडू द्या. तापमान मोजून वहीत लिहू द्या. चुकलं तर पुन्हा मोजू द्या. जी पिढी झाकण उघडून, मोजून, लिहून मगच बोलायला शिकेल, ती उद्या कालव्यात पाणी किती आलं तेही मोजेल, आणि तेव्हा पुष्कळ मोठी माणसं तापतील. त्यांच्यासाठी मात्र तीनशे साठ मिलिमीटर पुरायचे नाहीत.