कोणता पाय पहिले?

मागच्या महिन्यात मामाला घेऊन सिहोऱ्याहून तुमसरला निघालो होतो. मामाचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, काखेत कुबडी. गाडी लागली की नेहमीचा प्रकार ठरलेला. दोन-तीन भले लोक धावत येतात, एक जण कुबडी काढून घेतो, दुसरा दंडाला धरून वर ओढतो. मनाने चांगली माणसं असतात हो! पण कुबडी गेली की मामाचा तोलच जातो. एकदा असाच गुडघा फुटला होता.

या वेळी ड्रायव्हर खाली उतरला. लोकांना थांबवलं आणि म्हणाला, "काकाजी, कोणता पाय पहिले टाकता?"

"डावा."

"मग दांडा धरा, मी मागं उभा आहे."

मामा आपला आपण चढला. तो बसेपर्यंत गाडी हलली नाही. तुमसरला उतरल्यावर मी विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाला, घरी म्हातारी आई आहे.

म्हणजे मामाचा गुडघा शाबूत राहायचा, तर ड्रायव्हरच्या घरी कोणीतरी तसं असावं लागतं!

एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. चांगलंच झालं. पण तिकीट उतरलं म्हणून पायरी काही उतरली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसथांबे, तिकीट खिडक्या, स्वच्छतागृहं, जुन्या गाड्यांतले बदल असं सगळं आहे. ते होईल तेव्हा होईल. माणसाला शिकवायला मात्र लोखंड कापावं लागत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्येच शिक्कामोर्तब केलं, त्यात संबंधितांना प्रशिक्षण द्या असं स्पष्ट लिहिलंय. ब्रिटनमध्ये बसचालकांना ते मार्च २०१८ पासून बंधनकारक झालं.

शिकवायचं तरी किती? आधी विचारा, मग हात लावा. कुबडी काढून घेऊ नका. आंधळ्या माणसाला ढकलू नका, आपलं कोपर त्याच्या हाताशी न्या. बहिऱ्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा. गाडी थांब्याच्या कडेला लावा, नाहीतर पायरी आणखी वीतभर उंच होते. भोसरीला एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे, तिथे याला एक पूर्ण दिवस द्यावा. आणि शिकवायला साहेब नको, कुबडीवाला माणूसच बोलवा. त्याला गाडीत चढवून दाखवा म्हणावं.

ड्रायव्हरला वेळेचं दडपण असतं, मान्य. तो दोन मिनिटं थांबला म्हणून त्याला जाब विचारणार नाही, हे वरच्यांनीही शिकायला हवं. (हा वर्ग जास्त अवघड जाईल.)

तुमसरचं काम आटोपलं. परतीच्या गाडीवर ड्रायव्हर दुसरा होता. मामाने लांबूनच त्याच्याकडे पाहिलं आणि कुबडी जरा घट्ट धरली.