उन्हाला कायद्यात जागा द्या

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जे आभाळ कोसळलं, त्याच्या खुणा हा अंक हाती पडेल तेव्हाही शिवारात दिसत असतील. सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाची बोंडं झाडावरच सडली, नदीनाल्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या. सरकारने 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते पुरेसं आहे का, यावर गावोगाव वाद चालू आहे, आणि तो झालाच पाहिजे. पण त्या वादाला पाय टेकायला जागा आहे. पूर ही सरकारदरबारी मान्य असलेली आपत्ती आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला बांधावर येतात. नाही आले तर तहसीलवर जाऊन जाब विचारता येतो. पुरात माणूस दगावला तर वारसांना 4 लाख रुपये मिळावेत, हे ठरलेलं आहे.

उन्हाने माणूस दगावला तर? देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 साली झाला. त्याखालच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून कोणकोणत्या संकटांत मदत द्यायची, याची यादी केंद्राने ठरवली आहे. दुष्काळ, पूर, चक्रीवादळ, भूकंप, त्सुनामी, आग, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. थंडीची लाट आहे, उष्णतेची नाही. परभणी जिल्ह्याला दोन्हींची ओळख आहे. हिवाळ्यात मराठवाड्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी बहुतेक परभणीची असते आणि मे महिन्यात पारा 43-44 च्या खाली यायचं नाव घेत नाही. आपल्याकडे माणसाचा जीव अधिक कशाने जातो, हे आमच्या राणीसावरगावात कुणाला सांगावं लागत नाही. उष्णतेच्या लाटेचा यादीत समावेश व्हावा, ही राज्यांची मागणी पंधराव्या वित्त आयोगापुढे गेली होती. यादी वाढवण्याची गरज आयोगाला वाटली नाही.

16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भरदुपारी उघड्या मैदानात झाला आणि उष्माघाताने 14 जण गेले. त्यांच्या वारसांना मुख्यमंत्र्यांनी 5 लाख रुपये जाहीर केले. ते योग्यच झालं. पण ते मृत्यू लाखोंच्या गर्दीत, कॅमेऱ्यांसमोर झाले होते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात वैशाखात काम करता करता चक्कर येऊन पडलेल्या बाईला बाजेवर टाकून घरी आणतात. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग निवलेलं असतं आणि कागदावर हृदयविकार लिहिला जातो. ताप कुणी मोजला नाही, म्हणून उष्माघात सिद्ध होत नाही. सिद्ध झाला नाही, म्हणून आकडा वाढत नाही. आणि आकडा लहान, म्हणून कायद्याची निकड नाही. हे चक्र तोडायचं असेल तर सुरुवात नोंदीपासून करावी लागेल.

हवामान बदल आणि आरोग्य यांच्यासाठी वेगळा कायदा हवा का, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली जोर दिला. तो रणजितसिंह खटला मुळात माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांचा. पण हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 14 आणि 21 मधून निघतो, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. या विषयावर एकछत्री कायदा देशात नाही, याचीही नोंद केली. अधिकार आहे, पण तो मागायला जायचं कुठे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

कायद्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आम्ही हलक्यात घेत नाही. त्यातली काही माणसं आमच्याच पारावर बसतात. कायदे काय कमी आहेत का, हा त्यांचा पहिला सवाल. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर, बोअर घेऊ नये, असा कायदा 1993 पासून होता. 2009 चा भूजल कायदा लागू व्हायला 2014 उजाडलं. तरी बोअरच्या गाड्या थांबल्या नाहीत. कायदा पुस्तकात राहिला आणि पाणी खोल गेलं. दुसरा सवाल अधिक बोचरा आहे: धूर कुणी सोडला आणि दंड कुणाला? पाचट पेटवणाऱ्या दोन एकरवाल्यावर गुन्हा दाखल होईल आणि मोठे सुटतील, ही भीती निराधार नाही.

महाराष्ट्राला तर अशा भीतीचा इतिहास आहे. मुंबईतल्या प्लेगच्या साथीमुळे फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. चार कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. रोग्याला काय मिळणार, याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. पुण्यात गोरे सोजीर माजघरात, देवघरात घुसले. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगने गेल्या, 10 मार्चला. सावित्रीबाईंनी कुठल्याही कलमाशिवाय रोग्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि कलम हातात असलेल्यांनी लोकांना सळो की पळो करून सोडलं. हाच कायदा 2020 साली करोनात पुन्हा वापरला गेला. आरोग्याच्या नावाखाली होणारा कायदा लोकांवर उगारला जाऊ शकतो, हे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी हा सगळा पुरावा आहे.

पण महाराष्ट्राने दुसऱ्या जातीचा कायदाही करून दाखवला आहे. 1972 च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडायची कामं निघाली. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती. ती योजना म्हणूनच राहिली असती, तर दुष्काळ सरताच फाइलीत गेली असती. 1977 साली तिचा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारवर बंधन झालं. त्यासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या भाकरीला हातभार लावावा, हे या राज्याने मान्य केलं. 2005 साली देशाने तोच धडा गिरवला. 1897 चा कायदा सरकारला लोकांवर हक्क देत होता, रोजगार हमीचा कायदा लोकांना सरकारवर हक्क देतो. हवामान आणि आरोग्याचा कायदा या दुसऱ्या जातीचा होणार असेल, तरच आम्ही त्याच्या बाजूने आहोत. आणि पूर्ण ताकदीनिशी आहोत.

असा कायदा करताना खरी अडचण मजुरीची आहे. उन्हातली मजूर बाई आपल्या परीने सगळं करतेच. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला रुमाल, पाण्याची कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून झाडाच्या बुडाशी. त्यातलंही ती बेताने पिते, कारण शिवारात आडोसा नाही. घाम निघत राहतो, पाणी पोटात जात नाही, आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. तिला दुपारी 12 ते 4 घरी बसायला सांगणं सोपं आहे. पण त्या चार तासांचा रोज कोण देणार? शेतमालक म्हणावा तर तोही दोन-तीन एकरांचा धनी, खता-बियाण्याच्या उधारीत बुडालेला. गुत्त्याने काम घेतलं असेल तर मालक-मजूर हा हिशोबच उरत नाही. फडातल्या ऊसतोडीत तर एक दिवस पडला की खाडा, म्हणजे दंड. या खाड्याच्या धास्तीने बायका गर्भपिशवी काढून घेतात, हे 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलं. एकट्या बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मजुरीची भरपाई न ठरवता केवळ कामबंदीचं कलम घातलं, तर ते याच बायकांच्या पोटावर येईल.

कतारने 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी घातली. तिथे बांधकामावर राबणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत. आपल्या मजुराच्या जिवाची जी काळजी परक्या देशाच्या कायद्यात लिहिलेली आहे, ती त्याच्या स्वतःच्या राज्यात का लिहिलेली नसावी? कारखाने अधिनियम 1948 चा, तो कारखान्याच्या भिंतीपर्यंतच होता. शेत, फड, रस्त्याचं काम त्याबाहेरच राहिलं.

दिल्लीची वाट पाहण्याची गरजही नाही. राज्याला आपल्या निधीतला 10 टक्क्यांपर्यंतचा भाग स्वतः ठरवलेल्या आपत्तींवर खर्च करता येतो. ओडिशाने उष्णतेची लाट अशी राज्य आपत्ती म्हणून आधीच मान्य केली, तामिळनाडूने 2024 मध्ये केली आणि वारसांना 4 लाख ठरवले. महाराष्ट्राने वीज कोसळण्याला ही मान्यता दिली आहे, मग उन्हाला का नको? हवामान आणि आरोग्याच्या कायद्यात लाटेचा इशारा आला की रोजगार हमीची कामं, सरकारी बांधकाम आणि साखर कारखान्यांच्या तोडीला दुपारची सक्तीची सुट्टी आणि रोज न कापण्याचं बंधन यावं. लहान शेतकऱ्याकडच्या मजुराची भरपाई पाग्यांच्या वाटेने, म्हणजे सार्वजनिक कराच्या पैशातून व्हावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फ, थंड पाणी, थर्मामीटर आणि वीज गेली तरी चालणारा पंखा असावा. उष्माघाताच्या रोग्याला आधी थंड करायचं आणि मग गाडीत घालायचं असतं. राणीसावरगावहून गंगाखेडपर्यंतच्या वाटेत, तिथून पुढे परभणीपर्यंत, हा क्रम चुकला की रोगी हाती लागत नाही. आणि मृत्यूची नोंद करताना त्या दिवशीचं तापमान, कामाची जागा, सोबतच्या बायकांची साक्ष ग्राह्य धरावी.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन आहे. तोवर आपल्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या उचल घेऊन फडावर गेलेल्या असतील आणि परततील त्या ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. जिल्ह्यातल्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, या अधिवेशनात अशासकीय विधेयक आणावं, असं पत्र आम्ही त्यांना पाठवत आहोत. वाचकांनी एक करावं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उष्णतेची लाट राज्य आपत्ती जाहीर करण्याच्या मागणीचा ठराव मांडावा, तो इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. आलेले सगळे ठराव एकत्र करून आम्ही ते मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी मंत्रालयात देणार आहोत.