सांगितलं तर फोन जाईल!

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी नववीतली एक मुलगी पावसाळ्यात अचानक गप्प झाली. एरवी गणितात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ही पोर मागच्या भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. मला वाटलं, घरात काही भांडणतंटा झाला असेल. वीस-बावीस दिवसांनी बाकीच्या मुली गेल्यावर, सतरंजी गोळा करता करता, तिनं हळूच सांगितलं. इन्स्टाग्रामवर तिला एक 'मैत्रीण' भेटली होती. दोन महिने रोजच्या गप्पा. शाळेतल्या, घरातल्या, आवडत्या-नावडत्या बाईंच्या. मग फोटोंची देवाणघेवाण. आणि एक दिवस त्या मैत्रिणीनं, म्हणजे मैत्रिणीचं नाव घेऊन बसलेल्या कोणा पुरुषानं, नको तसा फोटो मागितला आणि हिनं तो पाठवला. त्यानंतर धमक्या. आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या भावाला पाठवतो.

"अगं, मग आईला का नाही सांगितलंस?"

"ताई, आई फोन काढून घेईल. आणि बाबांना कळलं तर शाळाच बंद करतील."

यावर मला चटकन काही बोलता आलं नाही, कारण तिचं काही चुकत नव्हतं. याच वस्तीत एक मुलगी फोनवर कोणाशी तरी बोलताना सापडली म्हणून दहावीआधीच शाळेतून निघाली आणि वर्षभरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. हे या मुलीनं डोळ्यांनी पाहिलेलं. वीस दिवस ती दोन भीतींच्या मध्ये उभी होती, आणि त्या अनोळखी माणसापेक्षा तिला घरच्यांची भीती जास्त वाटत होती!

तिच्या आईला नावं ठेवायचा मला तरी अधिकार नाही. माझा मुलगा सातवीत असताना खेळता खेळता माझ्याकडे आला होता. "आई, गेममधला एक दादा तुझ्या फोनवर आलेला नंबर मागतोय, देऊ का?" मी काय केलं असेल? आधी ओरडले, मग फोन काढून घेतला, वर पंधरा दिवस गेम बंद. त्यानं नंबर दिलेला नव्हता. तो विचारायला आला होता. शिक्षा मिळाली ती विचारण्याची. त्यानंतर दोन वर्षं त्यानं मला फोनमधलं काहीही दाखवलं नाही आणि मी मात्र समजत होते, चला, आता सगळं सुरळीत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागृती महिन्याचं उद्घाटन होतं. तिथे अभिनेता अक्षय कुमार यांनी मुख्यमंत्र्यांसमोर आपल्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. पलीकडच्या अनोळखी खेळाडूनं आधी गोड बोलून, मग तू मुलगा की मुलगी असं विचारून, शेवटी तिच्याकडे नग्न फोटो मागितले. तिनं खेळ बंद केला आणि उठून आईला सांगितलं. सातवी ते दहावीच्या मुलांना शाळेत आठवड्यातून एक तास या विषयाचा असावा, अशी मागणी त्यांनी तिथे केली. बातम्यांमध्ये त्या तासाची चर्चा झाली, आणि तास हवाच. पण मला त्या बातमीतलं महत्त्वाचं वाक्य वाटलं ते 'उठून आईला सांगितलं' हे. मुलगी सुटली ती त्यामुळे. हा धडा शाळेच्या तासाला कसा शिकवणार?

सध्या जगभर जोर आहे तो बंदीवर. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई झाली. त्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यात दंड मुलांना नाही, आईबापांनाही नाही. तो कंपन्यांना आहे, आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडेही अशी बंदी हवी, असं बऱ्याच जणी म्हणू लागल्या आहेत. आमच्या भिशीत तर हात वर करून मतदानच झालं!

आपल्या देशानं जरा वेगळी वाट धरली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी कंपनीनं पालकांची संमती घ्यायची, आणि ती खरोखर पालकांचीच आहे याची खात्रीही करायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. कागदावर उत्तम. पण वस्तीतल्या घरात संमतीचं बटण दाबणार कोण? आईचा फोन सुरू करून दिला मुलीनं. खातं उघडून दिलं मुलीनं. पैसे पाठवायचे चार आकडेसुद्धा तिलाच पाठ, कारण आईला बारीक अक्षर दिसत नाही. आलेला ओटीपी वाचून दाखवणारीही तीच. मग आईची संमती म्हणजे मुलीचाच अंगठा की हो! इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट कितीतरी वर्षांपासून आहे. आमच्या अभ्यासिकेतल्या पाचवीच्या मुलांना विचारा, सगळ्यांचा जन्म कागदोपत्री दहा वर्षं आधी झालेला आहे.

फोन पूर्ण काढून घ्यावा म्हटलं, तर २०२० च्या टाळेबंदीपासून गृहपाठ, सूचना, वेळापत्रक सगळं फोनवरच येतं. 'असर'चा २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल मी मुद्दाम वाचला. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्के मुलांना ठाऊक होतं. आपलं खातं खासगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे गाडी सगळ्यांना चालवता येते, ब्रेक कुठे आहे हे जवळजवळ निम्म्यांना माहीत नाही. हा ब्रेक दाखवायला दहा मिनिटं पुरतात. मी तो माझ्या मुलाकडूनच शिकले.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण अशा वेळी आपण हमखास तीच चूक करतो. आईला कळल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "सगळं पुसून टाक आणि सिमकार्ड फेकून दे." मी हात धरला. धमक्यांचे मेसेज, त्या माणसाचं खात्याचं नाव, तारखा, हा सगळा पुरावा आहे. त्याचे स्क्रीनशॉट आधी काढून घ्यायचे, मग त्याला ब्लॉक करायचं. पैसे किंवा आणखी फोटो काही केल्या द्यायचे नाहीत; एकदा दिलं की मागणी वाढतच जाते. आणि मुलीचा फोटो पुरावा म्हणून काकाला, मामाला, ओळखीच्या वकिलाला पाठवायचा नाही. असा फोटो पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. पोलिसांना तो त्याच फोनवर दाखवायचा.

चौकीत पहिला प्रश्न आला, "मुलीला फोन कशाला दिलात?" आई खाली मान घालून उभी. मग मी पोक्सो कायद्याचं नाव काढलं, तेव्हा खुर्च्या मिळाल्या. २०१२ चा हा कायदा आपण बलात्काराच्या बातम्यांमध्येच वाचतो. पण मुलाचा खरा किंवा बनावट फोटो पसरवण्याची लैंगिक हेतूनं दिलेली नुसती धमकी हाही त्यात गुन्हा आहे. 'किंवा बनावट' हे शब्द तेव्हाच घातलेले, म्हणून बरं. आजकाल साध्या शाळेच्या फोटोवरूनही संगणक नको ते चित्र तयार करतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, असंही त्यात लिहिलं आहे. आम्ही मागितलं म्हणून ते मिळालं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात साध्या पंजाबी ड्रेसमध्ये एक बाई येऊन बसल्या आणि मुलगी तासभर बोलली.

चौकीत जायचा धीर नसेल त्यांच्यासाठी मुलांची मदतवाहिनी १०९८ आहे, ती फुकट आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर बायका-मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर तासाभरात फोन करावा, उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात. फोटो पसरेल अशी भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सोय आहे. फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, त्याची फक्त एक आकडेरूपी खूण तयार होऊन त्यात सामील झालेल्या कंपन्यांकडे जाते आणि तो त्यांच्याकडे कोणी चढवला तर ओळखला जातो. आमच्या मुलीचं तेही केलं. शंभर टक्के खात्री नाही, पण त्या रात्री ती जेवली.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं, ते बापाशी बोलण्याचं. मी आणि माझे मिस्टर दोघं गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्यापासून का लपवलं?" मुलगी दाराआडून म्हणाली, "तुम्ही शाळा बंद केली असती." तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात दुधाची पिशवी होती. चहा टाक म्हणाला.

माझ्या मुलाशी मी आता करार केला आहे. काहीही दाखवलं तरी फोन जाणार नाही, त्या दिवशी तरी नाही. मागच्या आठवड्यात मी कणीक मळत असताना तो आला. व्हिडिओंना लाइक करा, दिवसाला दोन हजार मिळवा, असा मेसेज होता, आणि यानं सुरुवातीचे दीडशे रुपये घेऊनही झाले होते! ओरडायला तोंड उघडलंच होतं. मग कणीक जरा जास्तच जोरात मळली आणि म्हटलं, "बस, नीट दाखव."

तक्रारीचा तपास अजून चालू आहे. माणूस सापडलेला नाही, तो दुसऱ्या राज्यातला असावा असं सांगतात. मुलीचा फोन कपाटात आईच्या साड्यांखाली आहे, गृहपाठापुरता संध्याकाळी बाहेर येतो. यावरून मायलेकींची रोज कुरबुर होते. दहावीचा फॉर्म मात्र भरला आहे, शाळेत जाऊन बापानंच भरला.