जांबोटीचं पोर बोलत नाही, तर तपासायचं कुठल्या भाषेत?

तीन वर्षांचं पोर अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. घरात वेखंड चाटवून झालेले असते. "त्याचा बापपण उशिराच बोलला," असे आजीने सांगून झालेले असते. शेवटी जांबोटी-कणकुंबी भागातले आईवडील त्याला घेऊन बेळगावची बस धरतात.

तिथे चित्रं दाखवून नावं विचारायची, साध्या सूचना द्यायच्या, अशी तपासणी होते. पण घरात फक्त मराठी ऐकलेल्या या पोराला प्रश्न कानडीत किंवा इंग्रजीत आले, तर ते गप्प बसणारच. मग हे गप्प बसणं म्हणजे वाचादोष, की भाषा न कळणं? सीमाभागात या प्रश्नाचे उत्तर चुकण्याची शक्यता जास्त आहे.

चूक दोन्ही बाजूंनी होते. धडधाकट पोराला दोष चिकटवला जातो, किंवा खरोखर अडचण असलेलं पोर "कानडी येत नाही म्हणून बोलत नाही, शाळेत गेलं की शिकेल" म्हणून सोडून दिलं जातं. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण त्यात वर्षं जातात. ऐकण्याच्या दोषाबाबत जगभर मानला जाणारा नियम कडक आहे: जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

या शास्त्रातली एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. भाषेचा खरा दोष मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो, एकाच भाषेत दिसत नाही. म्हणून तपासणी घरच्या भाषेत व्हावी लागते. "दोन भाषांनी पोर गोंधळलं, एक बंद करा" हा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही.

त्यातही घरची भाषा म्हणजे पुस्तकातली मराठी नव्हे. "काय करालास" किंवा "हितं ये" हे या भागाचे बोलणे आहे, चूक नाही. 'चमचा'मधला च आणि 'चिमणी'मधला च मराठीत वेगळे आहेत. कानडीत हा फरक नाही. फक्त कानडी कानाने ऐकणाऱ्याला पोराचा बरोबर उच्चारही चुकीचा वाटू शकतो. 'र' तर कित्येक मुलांना पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत नीट जमत नाही. चार वर्षांच्या पोराने रोटीला 'लोटी' म्हटले, तर लगेच घाबरायचे कारण नाही.

मग हे सगळे कळणारा माणूस तयार कुठे होतो? वाचा आणि श्रवण या विषयाच्या दोन मोठ्या केंद्रीय संस्था आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. जांबोटीहून दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पदवी चार वर्षांची असून त्यातले एक वर्ष इंटर्नशिपचे. शिक्षण इंग्रजीत आणि बारावी विज्ञान शाखेतून झालेली हवी.

खरी भिंत इथेच आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांमधून दहावी झालेली अनेक मुलं-मुली कला किंवा वाणिज्यकडे वळतात. त्या वळणावर हा रस्ता बंद होतो आणि असा रस्ता होता हेही कुणी सांगितलेले नसते. मराठी, कानडी, हिंदी, कधी कोकणीही सहज बोलणारी ही मुलं या कामाला सगळ्यात योग्य आहेत. पण त्यांच्यापुढे पर्याय येतात ते डीएड, नर्सिंग नाहीतर गोव्यातली नोकरी.

जगात हा विषय सुरुवातीला दवाखान्यातून आला नव्हता. अमेरिकेत वक्तृत्व, नाटक आणि वाचादोष हे विषय कॉलेजच्या एकाच विभागात शिकवले जात. वाचा सुधारणाऱ्या शिक्षकांनी १९२५ मध्ये आयोवात वेगळी संघटना काढली आणि पुढे हे स्वतंत्र शास्त्र झाले. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या तोतरेपणावर १९२६ पासून काम करणारे लायनेल लोग हे डॉक्टर नव्हते. ते वक्तृत्वाचे शिक्षक आणि हौशी नट होते.

नाटकाने तोतरेपणा बरा होतो, असा याचा अर्थ नाही. पण श्वास, आवाज, शब्दफेक आणि समोरच्याचे ऐकणे हे नाटकवाल्याचे रोजचे काम आहे, आणि बेळगाव जिल्ह्यात त्या शिदोरीला तोटा नाही. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. २०१५ चे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात झाले. गावोगावच्या यात्रेत आजही नाटकं उभी राहतात. ही शिदोरी आणि वाचा-उपचार यांची गाठ इथल्या कॉलेजांनी घालायला हवी.

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा पाट्या, कागदपत्रे आणि शाळा यांवर येऊन थांबते. हे मुद्दे खरे आहेत. अल्पभाषिक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेच्या कलम ३५०-अ ने राज्यावर टाकली आहे. पण शाळेत जाण्याआधी पोराला बोलता यायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगता हा स्वतंत्र प्रकार आहे. मराठी मुलाची तपासणी मराठीत व्हावी, ही मागणी या दोन्हींना धरूनच आहे. तिला सीमावादाचा रंग द्यायचे कारण नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या कानडी मुलालाही हाच न्याय लागू होतो.

करता येण्यासारखे बरेच आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. त्या पथकाबरोबर मराठी बोलणारा माणूस असावा, हे तालुका पातळीवर मागता येते. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशात सवलत देते. तशीच सोय वाचा-श्रवण पदवीला स्पष्टपणे मिळावी, यासाठी पाठपुरावा हवा. या विषयात एक वर्षाची पदविकाही आहे. तिचे केंद्र बेळगावात मिळवण्यासाठी इथल्या शिक्षणसंस्थांना प्रयत्न करता येईल.

आणि दहावीच्या निकालानंतर हायस्कूलच्या मास्तरांनी वर्गात एवढे तरी सांगावे की विज्ञान घेतले, तर डॉक्टर-इंजिनिअर सोडून हाही एक रस्ता आहे. जांबोटीच्या एका मुलीने तो धरला, तर सहा-सात वर्षांनी त्या पोराच्या आईला "बाळ काय म्हणतंय?" हे तिच्याच भाषेत विचारणारं कुणीतरी बेळगावात बसलेलं असेल.