जनरेटरचा धूर आणि कढईतले तेल

भारनियमन पूर्वीइतके राहिले नाही, पण जनरेटर आपल्या मोहल्ल्यांतून हललेला नाही. शादीखान्याच्या मागे, दवाखान्याच्या जिन्याखाली, नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तो उभा असतोच. वीज गेली की धडधडू लागतो आणि सगळे म्हणतात, "चला, लाइट आली." उजेड दावतीला मिळतो. धूर मात्र ज्यांची खिडकी मागच्या बोळात उघडते त्यांना मिळतो, आणि त्यांना बहुधा दावतीचे बोलावणेही नसते.

हा धूर म्हणजे नुसता वास नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की नाक तिला अडवू शकत नाही. ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. दम्याचा पंप दप्तरात घेऊन येणारी मुले आम्ही वर्गात रोज पाहतो. लग्नसराईत त्यांची गैरहजेरी का वाढते, हे त्यांच्या अम्मींना विचारावे लागत नाही.

यंदा रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातील हॉलच्या कमिटीपुढे हा विषय निघाला. आयटीआय झालेल्या एका तरुणाने सुचवले, डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळून चालवू. त्यावर एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "मग विकत कशाला आणायचे, मास्तर? इफ्तारीच्या समोशांचे जळके तेल ओता की टाकीत. तेल ते तेलच." सगळे हसले. पण चाचांचे म्हणणे अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. इंजिनाला तेल चालते. अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची. खायचे तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट. ते नोझलमधून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते, चिकट थर धरते आणि काही दिवसांत मिस्त्रीला इंजिन खोलावे लागते. तळून उरलेल्या तेलात तर पाणी, मीठ आणि कणकेचा गाळही असतो. म्हणून कढईतले तेल थेट टाकीत कधीही ओतू नये.

त्या तेलाचे बायोडिझेल करावे लागते. घरी साबण केलेल्यांना हे चटकन कळेल. साबणासाठी तेलात कॉस्टिक सोडा आणि पाणी घालतात. इथे पाण्याऐवजी मिथेनॉल आणि थोडासा कॉस्टिक. तेलाचा मोठा रेणू तुटतो, जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर डिझेलसारखे पातळ इंधन राहते. १०० किलो तेलाला सुमारे १० किलो मिथेनॉल लागते आणि जवळजवळ तेवढेच ग्लिसरीन निघते. (हा खटाटोप घरी करायचा नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि भडकन पेटते.) या इंधनात वजनाने सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो आणि गंधक नसल्यासारखेच. प्राणवायू इंधनातच असल्याने ते अधिक पुरते जळते आणि काजळी कमी धरते.

किती कमी? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये ट्रकच्या इंजिनांवरच्या अनेक चाचण्या एकत्र मांडल्या होत्या. ८० भाग डिझेल आणि २० भाग बायोडिझेल, म्हणजे ज्याला 'बी २०' म्हणतात, त्या मिश्रणाने काजळी सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले इंधन २१ टक्क्यांनी घटले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्क्यांनी वाढली. निव्वळ बायोडिझेलवर काजळी जवळपास निम्मी होते, पण ही ऑक्साइडे १० टक्क्यांनी वाढतात, आणि तीही दमेकऱ्याला सोसत नाहीत. तेव्हा बी २० घातले म्हणजे धूर गेला, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. दहातला एक हिस्सा काजळी कमी होते, एवढेच. आमच्या मते तेवढ्यासाठीही ते करण्याजोगे आहे, कारण त्यासाठी नवा जनरेटर घ्यावा लागत नाही.

दुसरा फायदा आम्हाला याहून मोठा वाटतो, आणि तो स्वयंपाकघरातला आहे. मोठ्या हॉटेलांतले काळे पडलेले तेल स्वस्तात गाडीवाल्यांकडे जाते आणि त्यात पुन्हा भजी तळली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. तेल वारंवार तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. ती २५ टक्क्यांहून जास्त झाली तर ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून उरलेले तेल मान्यताप्राप्त संकलकाला द्यायचे आहे. हे संकलक तेलाचे पैसे देतात आणि ते बायोडिझेलच्या कारखान्यात पोहोचवतात. समोसे, भजी आणि चिकन तळणाऱ्या आपल्या दुकानदारांनी एक पिंप वेगळे ठेवले, तर तेच तेल दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या पोटात जाणार नाही.

देशाने याआधी मोगली एरंडावर भिस्त ठेवली होती. पडीक जमिनीवर लावा, बियांचे तेल काढा आणि २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण करा, असे २००९ चे धोरण होते. पडीक जमिनीवर झाड जगले, पण बिया पुरेशा धरल्या नाहीत. २०१८ च्या धोरणात लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आले आणि वापरलेल्या तेलाकडे लक्ष गेले. हे शहाणपण आधी सुचले असते तर बऱ्याच शेतकऱ्यांची रोपे वाया गेली नसती.

आता कमिटीवाल्यांसाठी. बायोडिझेल फार दिवस ठेवता येत नाही. ते हवेने बिघडते, पाणी धरते, पाण्यात जंतू वाढून गाळ होतो. बी २० सहा महिन्यांच्या आत संपवावे. आठवड्याला दोन लग्ने होणाऱ्या हॉलला ते सहज जमेल. पण ज्या दवाखान्याचा जनरेटर वर्षातून चार वेळा चालतो, तिथे हे मिश्रण महिनोन् महिने टाकीत पडू देऊ नये; ऐन ऑपरेशनच्या वेळी फिल्टर तुंबला तर काय, याचा विचार करावा. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप बायोडिझेलने फुगतात, तेव्हा ते आधी तपासून घ्यावेत. टाकीतला जुना गाळ सुटून पहिल्या काही तासांतच फिल्टरमध्ये येतो, म्हणून एक फिल्टर जास्तीचा आणून ठेवावा. घेताना 'आयएस १५६०७' प्रमाणे तपासणीचा दाखला मागावा. गुजरातेत बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या आहेत. फार स्वस्त मिळाले तर संशय घ्यावा.

आणि इंधन बदलण्याआधीची दोन कामे. "असू दे मोठा" म्हणून गरजेच्या तिप्पट जनरेटर आणतात. तो कमी भारावर चालतो, इंजिन पुरते तापत नाही आणि धूर वाढतो. दुसरे म्हणजे धुराड्याची उंची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र सोपे आहे, सातवीच्या मुलालाही करता येईल: केव्हीएचे वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा, तितके मीटर इमारतीच्या छपराच्या वर. १०० केव्हीएला दोन मीटर. आमच्या हॉलचे धुराडे छपराच्या वर तर नाहीच, पहिल्या मजल्याच्या खिडकीशी संपते.

कमिटीने बी २० उन्हाळ्यातल्या लग्नांपुरते वापरून पाहायचे ठरवले आहे. धुराड्याचे माप फॅब्रिकेटर घेऊन गेला. काम ईदनंतर आहे. चाचांनी समोसेवाल्याकडे पिंप ठेवण्याची जबाबदारी स्वतःहून घेतली.